एका हिवाळ्याचे टायर

ओसानाईकाका टायर निवडायला आले की आमच्याच दुकानात आम्ही गिऱ्हाइकासारखे कोपऱ्यात उभे राहायचो. दुकान काकिझाकींचं, माझ्या सासऱ्यांनी काढलेलं, पण ऑक्टोबरचे दोन आठवडे मालकी काकांची. आधी ते चष्मा पुसायचे. मग रॅकवरचा टायर खाली घेऊन अंगठ्याचं नख रबरात दाबायचे. नख सहज रुतलं तर रबर जिवंत, नाही रुतलं तर तो टायर बाजूला. त्यानंतर टायरच्या अंगावर उठवलेले चार आकडे वाचायचे, कोणत्या वर्षी कितव्या आठवड्यात बनला ते, आणि खिशातल्या पिवळ्या मेणखडूने त्या आकड्यांखाली एक रेघ ओढायचे. रेघेचा अर्थ, मी वाचलंय. शेजारी ज्या घरासाठी टायर घेतला त्या घराचं अक्षर. स्वतःच्या टायरवर अक्षर नसायचं, नुसत्या दोन रेघा.

त्यांच्या वाडीत तेवीस घरं. त्यातलं एकही घर काकांची रेघ असल्याशिवाय हिवाळी टायर, म्हणजे बर्फावर पकड धरणारे मऊ रबराचे टायर, घेत नसे. कोणाची चढावरची शेती, कोणाची सून रोज घाट उतरून नोकरीला जाते, कोण गाडी दामटतो, कोण घाबरून उगाच ब्रेक दाबतो, सगळं त्यांच्या डोक्यात. एकदा देवळाच्या पुजाऱ्याने महागातले टायर निवडले, तर काका म्हणाले, तुम्ही वर्षाला चार श्राद्धं करता, तेही सपाटीवर, हे कशाला? पुजारी हिरमुसला, पण टायर बदलून घेतले. आणि बसवताना काकांची एक अट असायची. आकडे बाहेरच्या बाजूला हवेत. लपवायचं काय आहे, म्हणायचे.

एक्केचाळीस वर्षं त्यांनी नगरपालिकेचं बर्फ सारायचं यंत्र चालवलं होतं. जपानच्या उत्तर टोकाच्या आमच्या त्सुगारूत बर्फ पडत नाही, येऊन राहतो. नोव्हेंबरात एकदा बसला की एप्रिलपर्यंत उठत नाही, आणि त्याच्याशी कसं वागायचं हे काकांइतकं कुणाला कळत नव्हतं.

मी इथली नाही. शिझुओकाच्या चहाच्या मळ्यांतली, बर्फ डोंगराच्या टोकावर लांबून बघितलेली. लग्न होऊन आले त्या पहिल्याच हिवाळ्यात सासऱ्यांनी मला एक जुनी गाडी दिली आणि दुकानात पाच वर्षं न खपलेले टायर तिला चढवले. दिसायला नवे कोरे, खाचा खोल, मला काय कळणार? काका हवा भरायला आले होते. वाकले, आकडे वाचले, नख दाबून पाहिलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर सासऱ्यांना म्हणाले, "सुनेला शिळे टायर घालतोस? ही पोर मेली तर तिच्या आईला काय सांगशील, नवे दिसत होते म्हणून?"

सासऱ्यांचं तोंड एवढंसं झालं. त्याच दिवशी टायर बदलले गेले. मग काकांनी मला सलग तीन रविवार शाळेच्या पटांगणात बर्फावर गाडी घसरवायला आणि सावरायला शिकवलं. आकडे कसे वाचायचे तेही त्यांनीच शिकवलं. तेव्हापासून मी त्यांची सूनबाई. आज माझी बासष्टी उलटली, तरी सूनबाईच.

काकू गेल्या त्याला चार वर्षं झाली. त्यानंतर काकांचा दिवस एका गोष्टीवर उभा होता, सकाळच्या अंघोळीवर. वरच्या वाडीत गरम पाण्याचं सार्वजनिक स्नानघर आहे, पहाटे पाचला उघडतं. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांची निम्मी जिंदगी तिथे जाते. प्रत्येकाची जागा ठरलेली, काकांची खिडकीखाली. त्यांच्या छोट्या पांढऱ्या व्हॅनमध्ये मागे शेजारच्या दोघी बसायच्या, सुझुआजी आणि तिची जाऊ. दोघी विधवा, दोघींना गाडी येत नाही. अंघोळ झाली की बाहेरच्या बाकावर बसून एकेक उकडलेलं अंडं खायचं आणि गावाची निंदानालस्ती करायची. सात वाजता परत. एवढंच, पण या एवढ्यासाठी तिघं रोज अंथरुणातून उठत होती.

सप्टेंबरात काकांची व्हॅन स्नानघराच्या फुलांच्या वाफ्यात चढली. ब्रेकवरून पाय सरकला. सुझुआजीच्या कपाळाला टेंगूळ आलं. काकांनी वाफा स्वतः पुन्हा लावला आणि टेंगूळ उतरेपर्यंत तिच्या घरी रोज सफरचंदं पोचवली. गाडी चालवायचा परवाना त्यांचा पक्का होता. म्हाताऱ्यांची ती परीक्षा असते ना, सोळा चित्रं दाखवतात आणि मग आठवून सांगायची, त्यात वसंतात त्यांनी चौदा सांगितली होती. मला विचाराल तर माझी नऊसुद्धा झाली नसती.

ऑक्टोबरात ते नेहमीसारखे आले. वाडीचे टायर निवडून झाले, रेघा ओढून झाल्या. मग स्वतःसाठी नव्या मालाकडे न बघता ते मागच्या कोपऱ्यात गेले, जुन्या वापरलेल्या टायरच्या ढिगाकडे. हिवाळी टायरच्या खाचांत एक बारका उंचवटा असतो. रबर झिजून त्याच्या बरोबरीला आलं की बर्फावरचं त्याचं काम संपलं. काका एकेक टायर घेऊन त्या उंचवट्यापर्यंत किती रबर उरलंय ते नखाने मापत होते. चार सारखे काढले. मी बघितलं. जेमतेम एका हिवाळ्याचं रबर होतं.

"काका, अख्ख्या वाडीला नवे आणि तुम्हाला हे?" मी म्हणाले.

"एक हिवाळा पुरे," ते म्हणाले, आणि दोन-दोन रेघा ओढल्या. बसवायचे नोव्हेंबरात, तोवर टायर दुकानातच.

मी हसले. म्हातारपणी माणूस चिक्कू होतो, असं काहीतरी बोललेसुद्धा. ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मी काही विचारेन असं त्यांना वाटलं असावं. तेवढ्यात फोन वाजला आणि मी तो घ्यायला गेले.

आठवड्याने त्यांच्या मुलाचा फोन आला. नोबुताका लांब सेंदाई शहरात असतो. वाफ्याची बातमी त्याला कुठून तरी कळली होती. वडिलांनी आता गाडी चालवू नये, म्हणाला, पण मी सांगितलं तर भांडण होईल. तुम्ही फक्त टायर बसवू नका. नोव्हेंबरच्या सुट्टीत मी येतो आणि समोर बसून नीट बोलतो, तोवर तेवढं सांभाळून घ्या.

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. टेंगूळ मीही पाहिलं होतं. माझा नवरा मोरिओ म्हणाला, मुलगाच सांगतोय तर आपण कोण मध्ये पडणार? आम्ही हो म्हणालो. मला तेव्हा वाटलं, आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे.

नोबुताका सुट्टीत आला नाही. कामाचं काहीतरी निघालं. पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला, मग त्याच्या पुढच्या. आणि इकडे थापा मी मारत होते, कारण दुकानातला फोन मी घेते. पहिल्यांदा सांगितलं गाडी उचलायची मशीन बिघडलीय. मग सांगितलं रांग लांबलीय. मग मोरिओची पाठ धरलीय. काका दर वेळी म्हणायचे, बरं बरं, आधी लांब जाणाऱ्यांचे बसवा, माझं काय, मी थांबतो. पाठीला लावायला त्यांनी बसमधून मलमाची बाटली पाठवून दिली. मोरिओने ती उघडली नाही आणि फेकलीही नाही. अजून खिडकीत आहे.

वीस नोव्हेंबरला बर्फ बसला. उन्हाळी टायरवर बर्फात गाडी काढणारा माणूस काकांच्या लेखी माणूसच नव्हे. असल्या लोकांना आयुष्यभर खड्ड्यांतून ओढून काढलं होतं त्यांनी. दुसऱ्या दुकानात जायचं म्हटलं तर तेही ते करणार नाहीत हे आम्हाला ठाऊक होतं. टायर निवडलेत, रेघ ओढलीय, शब्द दिलाय. म्हणजे त्यांच्या सरळपणाच्याच दोरीने आम्ही त्यांना घरात बांधून घातलं. अंघोळ बंद झाली. स्नानघराकडे जाणारी गावाची बस एकच, तीही दहाची, आणि तोवर त्यांच्या ओळखीचं कुणी तिथे उरत नाही. सुझुआजीची जाऊ मला बाजारात भेटली. म्हणाली, ओसानाई रोज सकाळी साडेचारला व्हॅनवरचा बर्फ झाडतो, मग उभा राहून तिच्याकडे बघतो आणि घरात जातो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी नोबुताकाला फोन केला आणि चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणाला, "काकू, खरं सांगू का, आता बर्फ पडलाच आहे. बाबा गाडी काढत नाहीयेत. मग मुद्दाम येऊन बोलायची गरजच काय?"

मी फोन ठेवला. त्याला यायचंच नव्हतं. वडिलांना नाही म्हणायचं ते त्याने आमच्याकडून म्हणवून घेतलं होतं, फुकटात. आम्हीही काही कमी नव्हतो. तोंडावर बोलायची हिंमत त्याला नव्हती आणि आम्हालाही नव्हती, तेव्हा त्याला तेवढं बोल लावून मी काय मिळवलं?

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी मुळ्याचं लोणचं डब्यात भरलं आणि दुकानाची व्हॅन काढून वाडीत गेले. आज सगळं सांगायचं असं ठरवून निघाले होते. काका अंगणात बर्फ ओढत होते. मला बघून त्यांनी फावडं टेकवलं आणि दुरूनच विचारलं, मोरिओची पाठ कशी आहे? मी बरी आहे म्हणाले. म्हणजे आणखी एक थाप, दारात पाऊल टाकताटाकता.

मी आणलेल्या व्हॅनच्या पुढच्या चाकाला बर्फ चिकटून गोळा झाला होता. असा गोळा दिसला की काकांना राहवत नाही. वाकले आणि हातमोज्याने झाडू लागले. मी डबा घेऊन बाजूला उभी होते. बर्फ पडला आणि खाली टायरच्या अंगावर पिवळा रंग दिसला. चार आकडे आणि त्यांच्याखाली दोन रेघा.

मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगते. ते चार टायर मागच्या कोठीत ठेवलेत असं मोरिओ मला म्हणाला होता. आमची व्हॅन आणि काकांची व्हॅन एकाच मापाची. वापरलेला माल, परत कुणाला विकणार, पडून वाया जाईल, असा हिशोब करून त्याने ते आमच्याच गाडीला चढवले. आणि चाळीस वर्षांच्या सवयीने आकडे बाहेर ठेवले.

काका वाकलेलेच मागच्या चाकाकडे गेले, तिथलाही बर्फ झाडला. मग गाडीला वळसा घालून पलीकडची दोन्ही. चारही बघून झाल्यावर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. हातमोजे काढले आणि एकात एक घातले.

"नोबुताका?" त्यांनी विचारलं.

मी होय म्हणून मान हलवली. मग भडाभडा सगळं सांगितलं. मशीन, रांग, पाठ, सुट्टी. तुमच्या काळजीपोटी केलं असंही म्हणाले, आणि म्हणतानाच ते मला कसंतरी वाटलं. काकांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर घराकडे बघत म्हणाले, "त्याचं सोड. तो सेंदाईला राहतो, त्याला टायरमधलं काय कळतं? तू तर बघत होतीस, सूनबाई. नखाने मापत होतो तेव्हा समोर उभी होतीस."

मी लोणच्याचा डबा पुढे केला.

"एक हिवाळा मागितला होता मी," ते म्हणाले. "नवे मागितले नव्हते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वाफ्यात गाडी चढली त्याच दिवशी त्यांनी स्वतःचं ठरवून टाकलं होतं. सुझुआजीला, तिच्या जावेला आणि खिडकीखालच्या त्या जागेला निरोप द्यायला एक शेवटचा हिवाळा, आणि वसंतात किल्ली खाली ठेवायची. बोलून दाखवणारा माणूस नाही तो. टायर निवडून सांगितलं होतं, तेही टायरच्या दुकानात, ज्या बाईला स्वतः वाचायला शिकवलं तिला. आणि मी त्यांना चिक्कू म्हणाले होते.

लोणच्याचा डबा त्यांनी घेतला. दोन्ही हातांनी, वाकून, परक्याकडून घेतात तसा.

घरी गेल्यावर मी मोरिओला काय बोलले ते इथे सांगत नाही. दुसऱ्या दिवशी ते चार टायर उतरवून वाडीत घेऊन गेला आणि काकांच्या व्हॅनला बसवून आला. काकांनी अडवलं नाही. चहा दिला, पैसे पाकिटात घालून दिले, पाठीबद्दल विचारलं नाही. मोरिओ आला तो गॅरेजमध्ये बसून राहिला, जेवायला उठेना.

आम्हाला वाटलं, मिटलं. पण काकांनी गाडी काढलीच नाही. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. व्हॅनवरचा बर्फ झाडणंही त्यांनी सोडलं आणि फेब्रुवारीत तर तिच्या जागी नुसता पांढरा ढीग होता. सुझुआजी आणि तिच्या जावेला रोज पहाटे मी घेऊन जाते. पहिल्या दिवशी काकांच्या दारासमोर थांबून हॉर्न वाजवला. खिडकीत दिवा होता. त्यांनी पडदा बाजूला करून नम्रपणे मान लववली आणि पडदा ओढून घेतला. ते दहाच्या बसने जातात, एकटे.

एप्रिलमध्ये त्यांनी पोलीस चौकीत जाऊन परवाना परत केला. व्हॅन विकायला आमच्याकडे पाठवली, शेजाऱ्याच्या हातून. विकण्याआधी टायर उतरवायचे होते. मोरिओ म्हणाला, तू बघ, मला जमणार नाही.

मी खाली बसले. रेघा अजून होत्या, थोड्या फिकट. खाचेत नख घालून त्या बारक्या उंचवट्यापर्यंत मापलं, एकेक करून चारही. हिवाळा तसाच शिल्लक होता.