नवरदेव येईपर्यंत

बारामतीच्या एका मुलींच्या शाळेत मी संगीत शिकवायचे, शाळेचं बँडपथकही माझ्याकडेच होतं. निवृत्त झाल्यावरही त्या पथकातल्या चौघी मला धरून राहिल्या. गेल्या हिवाळ्यात त्या घरी आल्या त्या बेत ठरवूनच. त्यांची पाचवी मैत्रीण, पथकात ट्रम्पेट वाजवणारी, तिचं लग्न ठरलं होतं. लग्न तिच्या गावी निरवांगीला, घरापुढच्या मांडवात.

"बाई, नवऱ्याकडचे डीजे लावून येणारच," क्लॅरिनेटवाली म्हणाली. "पण नवरीकडून आम्ही वाजवणार. तुम्ही फक्त लिहून द्या."

चौघी चार गावांत नोकरीला. त्यामुळे प्रत्येकीचं नोटेशन मोबाइलवर पाठवायचं आणि सराव जिचा तिने घरी करायचा. जन्मभर मी हाताने लिहीत आले. पण या खेपेला हुरूप आला आणि नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर उतरवून घेतलं. गावाकडची एक हळदीची चाल घेऊन बसले. सगळी लिहून काढली तर पानंच पानं झाली! मांडवाच्या दारात, वाऱ्यावर, दोन्ही हात वाद्यावर असताना पान उलटणार कोण? सगळं एका पानात बसवायला हवं होतं.

तेव्हा पुनरावृत्तीच्या खुणा घातल्या. जाड रेघ, शेजारी दोन ठिपके, म्हणजे एवढा तुकडा पुन्हा वाजवायचा. नंतर उडी लिहिली: इथं आलात की वरच्या खुणेपाशी परत जा, तिथून वाजवत या आणि गोल चिन्ह दिसलं की थेट शेवटच्या ओळीत उतरा. मग कॉम्प्युटरला वाजवून दाखवायला सांगितलं. ठिपके त्याला कळले. उडी मात्र तो काही मारेना. नाकासमोर चालत शेवटाला जाऊन थांबायचा. मी अक्षरं मोठी केली, ठळक केली, लाल केली.

"वाचता येत नसेल त्याला," आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

आणि खरंच तसंच निघालं! मी साधा मजकूर म्हणून सूचना टाइप केली होती. त्याच्या लेखी ती नुसती पानावरची नक्षी. उडीची तयार सूचना त्याच्याच चिन्हांच्या खणातून उचलून त्या मात्रांवर ठेवायची असते. ठेवली. सूर झर्रकन वर गेले, फिरून आले आणि टुणकन शेवटच्या ओळीत उतरले. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. हे चहा करायला उठले.

लग्नाच्या आदल्या दिवशी निरवांगीत सगळ्या पहिल्यांदा एकत्र वाजवायला बसल्या. अंगणात एका बाजूला वांग्यांचे क्रेट, दुसऱ्या बाजूला आम्ही. उडीची जागा आली. दोघी उडाल्या, बासरी तिथंच राहिली, ढोलवाली भलतीकडेच गेली. हसून हसून पुरेवाट.

नवरीचे आजोबा बाजेवर बसून ऐकत होते. "आगं, एक फुडं पळती, एक मागं राहती. शर्यत हाय का काय ही?"

"न्हाय आबा, जमतंय आता," नवरी म्हणाली. तिच्या हातांवर मेंदी ओली होती, म्हणून तिला वाजवू दिलं नव्हतं.

एक अडचण उरली. मधला तुकडा किती वेळा वाजवायचा? सॉफ्टवेअरला आकडा लागत होता. वरात कधी पोचेल, कोण सांगणार? नवरीनेच निकाल लावला, "तो येईपर्यंत." मी सगळ्यांच्या पानांवर पेननं तेवढंच लिहिलं: नवरदेव येईपर्यंत, मग बाईंचा हात वर.

दुसऱ्या दिवशी वरात वाटेत लासुर्ण्यापाशी उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकली. इकडे मधला तुकडा फिरतोय, फिरतोय. आधी पोरंसोरं नाचली, मग मावश्या, मग चुलते. क्लॅरिनेटवालीचे ओठ बधिर झाले, तिने मान हलवली. तेवढ्यात शालू सावरत, मुंडावळ्या बांधलेली नवरी घरातून बाहेर आली. हातात ट्रम्पेट.

"अगं, नवरी हायस तू!" तिची आई ओरडली.

"व्हय, पण वाजवायला कमी पडतंय न्हवं?" म्हणून ती मैत्रिणींच्या रांगेत शिरलीसुद्धा.

ट्रम्पेट मिसळलं आणि इतका वेळ थकत चाललेली चाल एकदम ताठ उभी राहिली. तिचं तोंड रस्त्याकडे होतं, त्यामुळे नवरदेवाची गाडी तिलाच आधी दिसली. माझा हात अजून अर्ध्यावर होता. तिने भुवया उडवल्या आणि पाचहीजणी एका श्वासात शेवटच्या ओळीवर उतरल्या. कोणी मागं नाही, कोणी पुढं नाही. नवरदेव गाडीचं दार धरून नुसता बघत राहिला.

"मुहूर्त! मुहूर्त!" गुरुजी हाका मारू लागले. नवरीने ट्रम्पेट माझ्या हातांत कोंबलं आणि पळाली. ठेवायला जागा कुठंच नव्हती. मंगलाष्टकं सुरू झाली, तेव्हा अक्षता टाकायला माझा एकही हात मोकळा नव्हता. शेजारी आबा उभे होते. दर वेळी ते आपल्या मुठीतल्या थोड्या टाकायचे आणि मग आणखी थोड्या टाकून म्हणायचे, "ह्या तुमच्या, बाई."