शेंदरानं बुजलेले आटे

आमची जीप शेंदरी झाली ती देवाच्या नव्हे, सासूबाईंच्या कृपेनं.

यांचा, म्हणजे आमच्या घरधन्यांचा, विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करण्याचा धंदा होता. पांढुर्ण्यापासून सौंसरापर्यंतच्या संत्र्यांच्या बागांत कुठंही इंजिन रुसलं की यांना बोलावणं यायचं. त्या वर्षी नागपुरात लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्यांचा लिलाव झाला आणि हे एक अख्खी जीप घेऊन आले. अख्खी म्हणजे सगळी सुटी. स्टेशनवरून ती बैलगाडीत घालून घरी आणली तेव्हा शेजारीण म्हणाली की आता भंगाराचं दुकान काढता की काय. मलाही तेच वाटलं होतं. पण नवऱ्याची थट्टा करायचा हक्क माझा, तिचा नव्हे. मी तिला तिच्या नवऱ्याच्या बिनब्रेकच्या सायकलची आठवण करून दिली.

जीप हवी होती सासूबाईंसाठी. आदल्या वर्षी न्हाणीत पाय घसरून त्यांच्या कमरेचं हाड मोडलं आणि वाकडंच जुळलं. घरात काठी टेकत चालायच्या, पण बैलगाडीत बसणं म्हणजे जिवावरचं दुखणं. त्यांना भाऊ एकच, नदीपलीकडच्या खेड्यात. त्याच्या डोळ्यांची नजर गेलेली, त्यालाही इकडं येता येईना. लग्न झाल्यापासून त्यांची भाऊबीज कधी चुकली नव्हती, ती तेव्हा पहिल्यांदाच चुकली. आम्ही गाडी जुंपून त्यांना गादीवर बसवलं होतं, पण वेशीपाशीच त्या पांढऱ्याफटक पडल्या आणि मागं वळावं लागलं. संध्याकाळी त्यांनी अंगणात चंद्राला ओवाळलं आणि न जेवता निजल्या. दुसऱ्या दिवशी हे त्यांना म्हणाले की पुढच्या भाऊबीजेला मामाच्या दारात नेतोच, मग काही का करावं लागेना.

त्यात राज्यांची वाटणी निघाली. नागपूर आमची राजधानी, लग्नाची लुगडी तिथली, औषधं तिथली. आता ते मुंबई राज्यात जाणार आणि आम्ही मध्य प्रदेशात राहणार, तेही ऐन दिवाळीच्या तोंडावर. मामाचं खेडं तिकडच्या वाट्याला गेलं. चौकात पुरुषमंडळी भाषेवरून घसा कोरडा करत असत. सासूबाईंना काळजी एकच. नदीवर नाकं बसवतील का आणि भावाला ओवाळायला परवाना लागेल का, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत. मी आधी हसायची. नंतर हसू येईना, कारण त्या खरोखरच घाबरल्या होत्या.

पोळ्याच्या वेळी हे सौंसरकडं कामाला गेले होते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं बैलांचे खांदे शेकतात, तूप-हळद लावून चोळतात. आमच्या दारात बैल नव्हता. पण सासूबाई शेतकऱ्याची लेक. जो ओझं ओढेल तो बैल, असं म्हणून त्यांनी जीपचे सगळे सुटे भाग अंगणात मांडायला लावले. चाकांवर बसतात ते वाकलेले पोलादी पाटे, त्यांना कमानी म्हणतात, ते म्हणजे बैलाचे खांदे, असं त्यांनीच ठरवलं. त्यांना तूप-हळद लागली. दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवायची म्हणून जवसाच्या तेलात शेंदूर कालवला आणि कमानी, त्यांना गाडीशी जोडणाऱ्या कड्या, कड्या बसतात ती कोंदणं, सगळ्यांना आम्ही दोघींनी मनसोक्त फासला. भोक एकही सोडू नको, गंज भोकातूनच शिरतो, असं त्या बजावत होत्या. मी बोटानं भोकं भरली. मला तर मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

हे परत आले, अंगणभर पसरलेला तो पोळा पाहिला आणि पोट धरून हसले. मग म्हणाले की आईनं काम चोख केलंय, गंजावर शेंदरासारखा रंग नाही, गंजाला लावायचा विकतचा रंगही यातूनच बनतो. भोकांकडं तेव्हा त्यांचंही लक्ष गेलं नाही. जवसाचं तेल वाळलं की दगड होतं.

दसऱ्यानंतर जोडणी सुरू झाली. त्या कड्यांच्या भोकांना आतून आटे असतात, बोल्ट फिरत फिरत आत जातो तो त्या आट्यांवरून. पहिलाच बोल्ट जरा फिरला आणि अडला. यांनी जोर लावला. कर्रकन आवाज झाला, बोल्ट काढून पाहिला तर त्याचे आटे सोललेले. यांनी पाना खाली ठेवला आणि एकेक भोक उजेडाकडं धरून पाहिलं. सगळी शेंदरानं बुजलेली.

सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. "म्याच माह्या हातानं माहेराची वाट बुजवली," त्या म्हणाल्या आणि तिथंच खाली बसल्या. मला फार वाईट वाटलं. हे म्हणाले की बोल्टच जुना होता. लेकाला खोटं बोलता येत नाही हे त्या माउलीला काय माहीत नव्हतं?

मग सुरू झाला त्या भोकांचा उपद्व्याप. रॉकेलनं काही होईना. खिळ्यानं खरवडावं तर आटे दुखावतात. भट्टीत तापवावं तर पोलादाचं पाणी उतरून ते मऊ पडतं. सौंसरच्या एका मिस्त्रीकडं आटे पाडायचं हत्यार होतं, पण त्याच्या आट्यांची चाल निराळी, जुन्या आट्यांवर ते नवे पाडून बसलं असतं. दिवाळी जवळ येत होती आणि हे चिडचिडे झाले होते. ताटात मीठ कमी पडलं तरी शेंदराला शिव्या देत.

चुलीमागच्या फळीवरचा तेलाचा जुना राप मी धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यानं काढत असे. म्हटलं, जवसाचं झालं तरी तेलच ना. सासूबाई दिवाळीच्या वाती वळतच होत्या. त्यातल्या जाड वाती सोड्याच्या दाट पाण्यात बुडवून आम्ही भोकाभोकांत कोंबल्या. सकाळी ओढल्या तर आतला दगड मऊ पडलेला. मी डोक्यातला आकडा काढला आणि आट्यांच्या घळीतून तो लाल लगदा उकरायला लागले. माझे सगळे आकडे वाकडे झाले आणि बरेच दिवस मी केसांना दोरी बांधून हिंडले.

उरलेला थर काढायला यांनी एका चांगल्या बोल्टाला कानशीनं उभ्या खाचा पाडल्या. तेल लावून तो भोकात फिरवायचा, सुटलेली घाण खाचांत जमते. अर्धा फेरा पुढं, जरासा मागं, आणि अडलं की हात थांबवायचा. यांचा हात काही थांबेना, घाई नडायची. सासूबाईंनी तो बोल्ट मागून घेतला. पाटावर बसून, वाकडी कंबर भिंतीला टेकून, त्या दिवसचे दिवस तो फिरवत राहिल्या. तोंडानं सारखी बडबड, भाऊ लहानपणी कसा झाडावरून पडला, मुंबई राज्यात भाव काय असतील. बोल्टाचे आटे जिथं सोलले होते ते पहिलं भोक त्यांनी शेवटी घेतलं. ते साफ करून त्यांनी नवा बोल्ट लावला, तो नुसत्या बोटानं फिरत थेट तळाला गेला. त्या लहान मुलीसारख्या हसल्या. आम्हीही हसलो.

भाऊबीजेला सकाळी जीप निघाली. मी मागं सासूबाईंजवळ बसले, हे चालवत होते. पक्की सडक सुटली आणि गाडीवाट लागली तेव्हा कळलं की जीप बैलगाडीपेक्षाही कडक आहे. प्रत्येक खड्डा थेट हाडाला लागत होता. मी धडधाकट असून माझे दात वाजत होते. सासूबाईंनी पदराचा बोळा दातांत धरला होता आणि माझा हात असा आवळला होता की नखं रुतली. मी गाडी थांबवा म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी मान हलवून मला गप्प केलं. नदीवर ना नाकं होतं ना शिपाई. एक म्हैस तेवढी पाण्यात बसली होती.

मामांनी बहिणीचा चेहरा हातांनी चाचपला आणि विचारलं की वाटेत त्रास तर नाही झाला. "पालखीत बसून आली, दादा," सासूबाई म्हणाल्या. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले आणि रडून घेतलं.

ओवाळणं झालं, जेवणं झाली. निघताना यांनी मामांकडं ज्वारीची भरली पोती मागितली. नुसती मागितली नाहीत, होती तेवढी सगळी मागितली. सासूबाई लालबुंद झाल्या. उभ्या जन्मात त्यांनी माहेराहून काही मागून नेलं नव्हतं, आणि भाऊबीजेच्या दिवशी लेक दारात उभा राहून धान्य मागतो. त्यांनी भावाच्या देखत यांना नको ते सुनावलं. हे मान खाली घालून पोती चढवत राहिले. मामा मात्र खूश, भाच्यानं हक्कानं मागितलं म्हणून.

परतीला त्या यांच्याकडं पाठ फिरवून बसल्या. नदी ओलांडली. तीच वाट, तेच खड्डे, पण कमानी ओझ्यानं दबल्या होत्या आणि गाडी नुसती डुलत होती. माझ्या हातावरची त्यांची पकड सैल पडली. त्यांनी पोत्यांकडं पाहिलं, मग यांच्याकडं वळून विचारलं, "ज्वारी कायले घेतली रे?"

"रिकाम्या गाडीत कमानी धक्के मारते, आई. ओझं असलं की दबते. परवा परत देऊन येतो मामाले."

"मले धक्के बसले म्हणून तुले कोनं सांगितलं?"

"येतानी तू एक शब्दही बोलली नाहीस."

थोड्या वेळानं पाहिलं तर सासूबाई पोत्याला टेकून झोपल्या होत्या. गावात शिरल्यावर पोरं जीपमागं धावू लागली, तेव्हाही यांनी हॉर्न वाजवला नाही.