सवय तर नाही ना लागणार?

चिंचणीत सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आला, की मला काकांची ओटी आणि बोईसरहून आलेली ती कोवळी डॉक्टरीण आठवते. काकांचा कॅन्सर हाडांत उतरला होता, कूस बदलली तरी ओरडायचे. तिनं मोठ्या डॉक्टरांना फोन करून मॉर्फीन लिहायला घेतलं, तरी पेन अडलंच. त्यात मी शहाणपण पाजळलं, "सवय तर नाही ना लागणार?" तिनं पेन खालीच ठेवलं. काका कण्हतच हसले, "लागू दे रे! ती सोडवायला मी थोडाच उरणार हाय? तू लिव गो पोरी, भिऊ नको." तिलाही हसू फुटलं आणि तिनं लिहिलं. त्या संध्याकाळी काका न ओरडता कुशीवर वळले. आजही घरात कुणाची गोळी बदलली, की सगळे आधी मला गप्प बसवतात.