आजोबांच्या दयेची ओळ

सौदीत रास अल खैरला समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर जलाल पंप सांभाळतो. वीस वर्षं झाली. पंप बिघडला तर डोकं थंड, पण गावचा फोन आला की हाताला घाम! आणि हल्ली फोन रोज येत होता.

माणगावकडे त्यांची डोंगरालगतची जमीन. सातबाऱ्यावर नावं जलाल आणि धाकट्या भावाची, कादिरची, आणि तिथे राहते कातकऱ्यांची चाळीस घरांची वाडी. रिसॉर्टवाल्याला ती जमीन हवी होती. कादिर म्हणे, "सही पाठव." कातकरी हटेनात, पुढच्या महिन्यात तहसीलदारापुढे सुनावणी होती.

जलालने सही दिली नाही, इथवर भला माणूस. वर वाडीच्या बाजूने तहसीलदाराला पत्रही लिहिलं: 'माझ्या आजोबांनी दया करून यांना आसरा दिला, यांना हलवू नये.' लिहून स्वारी खूश! वाडीचा लढा चालवते ती तुळसाबाई; तिला त्याने फोटो पाठवला.

तिचा लगेच फोन. "जलालभाय, ह्ये पत्र दिलंस तर आमी मेलो."

"अगो, तुमच्याच बाजूनं लिहिलंय!"

"आसरा दिला म्हंजे आमी मागनं आलो. मालकानं ठेवलं तर ऱ्हायचं, हाकललं तर जायचं. तुज्या आजाला पानी कुठं लागंल, कोनी दावलं?"

जलालला आठवलं. दादी हीच गोष्ट कौतुकाने सांगायची: आजोबा बैलगाडीतून बिऱ्हाड घेऊन आले, तेव्हा विहिरीची जागा कातकऱ्यांनीच दाखवली. मग दया कुणी कुणावर केली? पण आजोबांचा मोठेपणा स्वतःच्या हाताने खोडायचा म्हणजे जिवावर येणारच की!

घरी हलिमाने, त्याच्या बायकोने, सगळं ऐकून एवढंच विचारलं, "दादी खोटं बोलायची काय?"

"नाय."

"मग लिवा की तसं."

त्याने लिहिलं: 'आम्ही आलो तेव्हा ही वाडी होतीच. विहिरीची जागा यांनी आजोबांना दाखवली, असं दादी सांगायची.' या खेपेला आधी तुळसाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आता दे." दम्मामला एम्बसीचा माणूस येतो, त्याचा शिक्का घेऊन कागद रवाना झाला. कादिरने बोलणं टाकलं. जलाल सुनावणीचे दिवस मोजत राहिला.

सुनावणीच्या दिवशी दुपारी तुळसाबाईचा फोन वाजला. वाडी जागेवरच राहणार, घरं ज्याच्या त्याच्या नावावर लावायला मोजणीही लागली! हुश्श! जलाल म्हणाला, "अल्हम्दुलिल्लाह!" आणि मग न राहवून विचारलंच, "माझं नाव घेतलं काय कुणी?"

"तुजं नाय," तुळसाबाई म्हणाली. "दादीचं घेतलं."