ज्यूलिएटचं पहिलं पाऊल

वापनला चालता येऊन बरेच दिवस झाले, तरी तंबूबाहेर तिचे पाय कुणी जमिनीला लागू दिले नव्हते. बाहेर न्यायचं तर कडेवर. वसंतात रानहंस परतले, की एका पहाटे मोठ्यांचं बोट धरून तिनं दाराबाहेर यायचं, समोरच्या सजवलेल्या झाडाला वळसा घालून परत फिरायचं. कॅनडातल्या क्री लोकांत मूल जगात येतं ते या वाटेनं.

पणती वापनच्या या दिवसासाठी मिनी तंबूत स्प्रूस झाडाच्या कोवळ्या फांद्या अंथरत होती. भाजायला दोरीला टांगलेला हंस जाळापुढे गरगर फिरत होता आणि मिनीची धाकटी बहीण डेझी दोरीला पीळ देत बसली होती.

"ज्यूलिएट, तुझं हे झालंच नाही ना गं?" डेझीनं मिनीच्या लेकीला छेडलं. "म्हणजे तुला अजून कडेवरच फिरवायला हवं."

"फिरव की मावशी! आधी आपल्या कंबरेला विचार."

दोघी हसल्या. मिनी खाली बघून फांद्या सारख्या करत राहिली.

तिचं स्वतःचं झालं होतं. आईनं बोट धरलं होतं. पुढे एक दिवस पाण्यावर विमान उतरलं आणि तिला मिशनऱ्यांच्या दूरच्या निवासी शाळेत घेऊन गेलं. पाठोपाठ डेझीही तिथं आली, पण रांगेत बहिणीचा हात धरला तरी छडी बसे. आपल्या घरच्या रीती म्हणजे पाप, हे इतक्यांदा ऐकलं की ते मिनीच्या अंगात मुरलं. ज्यूलिएटला तिनं वेळेवर जेवू घातलं, तापात उशाशी जागली. जवळ मात्र घेतलं नाही. मिनीच्या आईनं नातीच्या या दिवसाची तयारी केली, तेव्हा मिनीच म्हणाली, "आमच्याकडे हे असलं नको." मग छोटी ज्यूलिएट एका दुपारी कुणाचं बोट न धरता एकटीच दाराबाहेर गेली.

पहाटे वापन ज्यूलिएटचं बोट धरून धडपडत झाडापर्यंत गेली, परत आली आणि सोहळ्यासाठी हाती दिलेला लाकडी हंस तिनं मिनीच्या मांडीत टाकला. माणसं खूश झाली.

मिनी कशीबशी उठली. हात पुढे करून म्हणाली, "ज्यूली, आता तू."

"काहीतरीच काय, आई! नात आहे मला."

"म्हणून तर म्हणते."

ज्यूलिएट तिच्याकडे वळली. "इतकी वर्षं का नाही?"

मिनीनं हात मागे घेतला नाही.

"धर गं बाई," डेझी म्हणाली, "म्हातारी पडेल."

ज्यूलिएटनं हात धरला. दोघी फांद्यांवरून निघाल्या. मासेमारीची जाळी ओढून राठ झालेला तो रुंद हात मिनीच्या मुठीत मावत नव्हता. ती तो चाचपत चालली होती. इवलासा असताना कसा लागला असता? ऊबदार? घामट?

झाडाला वळसा घालून ज्यूलिएट परत वळली.

"आणखी एक घालू या?" मिनी म्हणाली.