सागवानाच्या फळीवरचा ओला हात

भूत-बित असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. तरीही हे लिहितेय, कारण सांगायला घरात दुसरं कुणी नाही...

नगरला सावेडीत आमचा छोटा बंगला. हे जाऊन तीन वर्षं झाली, मुलगा कॅनडात. गेल्या हिवाळ्यात घराचं काम काढलं. बेडरूमच्या दोन झडपांच्या दाराची एक झडप वाळवीने खाल्ली होती, ती नवी बसवली. उरलेल्या जुन्या झडपेला ह्यांनी स्वतः पॉलिश केलं होतं, रंगही स्वतःच कालवला होता. कसा, ते मी कधी विचारलं नाही.

नव्या झडपेला तोच रंग हवा, हा माझा हट्ट. पॉलिशवाले सलीमभाई सागवानाच्या तुकड्यावर शेजारी शेजारी रंगाचा एकेक हात मारून बघत होते. कधी लालसर यायचा, कधी पिवळट.

"काकू, न्हाई जमत. लई जुना रंग हाय."

"अजून एकदा बघा ना."

शुक्रवारी दुपारी ते नमाजाला गेले. मी कुलूप लावून लाकूड रंगवायच्या स्टेनची आणखी एक बाटली आणायला गेले. परतले तर ते फाटकाशीच उभे होते. आम्ही एकदमच आत शिरलो.

तुकड्यावर एक हात जास्त होता... ओला!

सलीमभाईंनी तो जुन्या झडपेला लावून धरला. कुठे तुकडा, कुठे दार, कळेना. तंतोतंत तोच रंग.

"तुमी लावला व्हय, काकू?"

"मी तर तुमच्यासोबतच आले."

त्यांनी बोट लावून वास घेतला. "हा माझा माल न्हाई," ते म्हणाले आणि बोट फडक्याला पुसलं.

पुढे कितीतरी मिश्रणं केली, पण तो रंग परत जमला नाही. शेवटी जवळचा मारला. फरक दिसतो.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, सलीमभाईंनीच नमाजाला जाताना लावला असेल, विसरले असतील." असेलही. पण कुलूप लावताना मी तो तुकडा पाहिला होता — सगळे हात वाळलेले होते.

भीती मात्र वाटली नाही... हल्ली बाहेरून आले की कुलूप काढण्याआधी मी कडी वाजवते आणि जरा थांबते. आत कुणी कामात असेल तर दचकायला नको.