चुना मारण्याआधी

बंदराजवळच्या बाजारात नगरपरिषदेच्या एका गाळ्यात मी बायकांचे ब्लाउज शिवते. त्या रांगेत मुसलमानाचं दुकान माझं एकटीचंच. त्या सकाळपर्यंत मी याचा कधी विचारही केला नव्हता.

मी पोचले तेव्हा गर्दी जमली होती. कुलूप तोडून कोणीतरी शिवायला आलेले कपडे जाळले होते. मशीन आडवं पडलं होतं. शेजारच्या भिंतीवर लाल रंगात आमच्या धर्माला शिव्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, 'गाव सोडा'.

पोलीस येऊन जळलेल्या कपड्यांचा पंचनामा करून गेले. गाळा नगरपरिषदेचा, म्हणून तिथला कर्मचारीही आला. त्याचा अहवाल तहसीलला जायचा होता. लिहून झाल्यावर त्याने वाचून दाखवलं, "अज्ञात इसमाने गाळ्याचे नुकसान केले."

"आणि भिंतीवरचं?" मी विचारलं.

"त्यावर आता चुना मारतो. वर कशाला कळवायचं, भाभी? गावाचं नाव खराब होतं. आणि अहवालात त्यासाठी जागाच नाही."

"पण चोरीला काहीच गेलेलं नाही, साहेब. मग आत शिरून कपडे का जाळले, हे वाचणाऱ्याला कसं कळणार?"

त्याने कागद घडी करून खिशात घातला. त्याच्याबरोबर आलेला कामगार बादलीत चुना कालवत होता. मी जाऊन त्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले. ठरवून नाही. पण एकदा उभी राहिल्यावर हलताही येईना. पुढे सगळा बाजार, पाठीला त्या शिव्या. रंग अजून ओला होता, ब्लाउज पाठीला चिकटत होता.

तेवढ्यात माझा नवरा बोटीवरून धावत आला. हळूच म्हणाला, "चल गो घराक. आपणाक हंयच रवाचा आसा." इथेच राहायचं म्हणून वाटणारी त्याची भीती मला कळत होती. मलाही तीच होती.

मग समोरची फुलवाली उठून आली. तिच्या मुलीच्या लग्नाचे ब्लाउज जळाले होते. मला वाटलं, आता ही भांडणार. पण ती त्या कर्मचाऱ्याकडे वळली. "माझ्या चेडवाची कापडां जळली. कित्याक जळली, ता ह्या भिंतीर लिवलेला आसा. वाचा आणि लिवा." आणि ती माझ्या बाजूला उभी राहिली.

बराच वेळ तो घुटमळला. शेवटी त्याने भिंतीवरचे शब्द जसेच्या तसे खाली लिहिले, मोबाइलवर फोटो काढला, माझी सही घेतली. मगच मी भिंतीपासून दूर झाले.

पुढे तहसीलला बोलावणं आलं. तहसीलदार मॅडमनी तो मजकूर माझ्यासमोर वाचला. पोलिसांना धर्मद्वेषाच्या अंगाने पुन्हा चौकशी करायला कळवलं, आणि यापुढे असं काही घडलं तर कारणही लिहून पाठवा, असं नगरपरिषदेला बजावलं. मला तिथे रडू आलं.

गुन्हेगार सापडला नाही. गाव लहान आहे. तो माणूस रोज माझ्या दुकानावरून जात असणार. एखादीच्या दंडाभोवती टेप धरते आणि मनात येतं, हिच्या घरातला तर नसेल? ती हसून म्हणते, "गो, घट्ट नको हां." मी मान हलवते, पण आकडा विसरते आणि पुन्हा माप घेते.

एकदा नवरा म्हणाला, "रत्नागिरीक भावाकडे जावया?" मी विचार केला. तिथेही मला मापंच घ्यावी लागणार होती, आणि तिथल्या बायकांबद्दलही मनात तेच येणार होतं.